फोर्डच्या नदीकाठच्या गिरण्या आणि बेटम्याची 12 एकर जमीन

प्रश्न असा आला आहे: "काका, इंदूरजवळ बेटम्याच्या पुढे आमची आजोबांच्या वाट्याची 12 एकर जमीन आहे. पीथमपूरची औद्योगिक वसाहत तिथून जवळ पडते. गावातली पंधरा-वीस मुलं-मुली आयटीआय करून घरी बसली आहेत. तिथेच छोटा कारखाना काढून गाड्यांचे पार्ट बनवावेत असं मनात आहे. बाबा आणि सरपंच दोघंही तयार आहेत. पण हेन्री फोर्डनं अमेरिकेत खेड्याखेड्यांत असेच कारखाने काढले होते आणि ते पुढे बंद पडले, असं वाचलं. ते का बंद पडले? आणि मी हे करावं की नाही?"

बेटा, तुझ्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. बहुतेक लोक पहिला भाग गोष्ट म्हणून ऐकतात आणि लगेच दुसऱ्यावर येतात. मी पहिल्यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण फोर्डच्या त्या कारखान्यांचे काय झाले हे नीट कळले की तुझ्या जमिनीवर काय उभे राहील आणि काय राहणार नाही, हे तुझे तुलाच दिसू लागेल. मी 1984 पासून या धंद्यात आहे. आधी इंदूरच्या सांवेर रोडला दुसऱ्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे डाय आणि गेज बनवतात तिथे, होतो, मग पीथमपूरला स्वतःची शेड घेतली. मधली पाच वर्षे एक युनिट गावात चालवले. मुलगा फोर्डच्या मिशिगन राज्यात नोकरीला होता तेव्हा आम्ही दोघे तीन महिने त्याच्याकडे राहिलो, आणि त्या मुक्कामात, फोर्डने ज्यांत खेड्यातले कारखाने काढले त्या जुन्या गिरण्या मी एकेक करून पाहून आलो. बाकीचे लोक नायगारा पाहायला जातात. मला या गिरण्या पाहायच्या होत्या.

फोर्ड शेतकऱ्याचा मुलगा. 1863 मध्ये डेट्रॉइटजवळच्या शेतावर जन्मला. त्याची मॉडेल टी 1908 मध्ये आली आणि 1913 मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. हे सगळ्यांना पाठ असते. त्याच वर्षी त्या कारखान्यात कामगार किती झपाट्याने सोडून जात होते, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. प्रमाण 370 टक्के होते. म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायच्या तर वर्षभरात 370 माणसे नव्याने घ्यावी लागत. एकच बोल्ट दिवसभर आवळत उभे राहणे माणसाला सोसत नव्हते. जानेवारी 1914 मध्ये त्याने दिवसाला 5 डॉलर मजुरी जाहीर केली, त्यामागे हे कारण होते. पुढे डेट्रॉइटशेजारच्या डिअरबॉर्नला रूज नदीच्या काठी त्याने जगातला सर्वांत मोठा एकसंध कारखाना उभारला. 1917 ला बांधकाम सुरू झाले आणि ते 1928 पर्यंत चालले. एका टोकाला खनिज आणि कोळसा उतरायचा, दुसऱ्या टोकाने चालती गाडी बाहेर पडायची. 1930 च्या दशकात तिथे लाखभर माणसे कामाला होती.

आता नकाशावर तीच रूज नदी हातात धर आणि वरच्या अंगाला सरक. मोठ्या कारखान्यापासून तीसेक किलोमीटरच्या आत नँकिन, न्यूबर्ग, प्लिमथ, फीनिक्स, वॉटरफर्ड, नॉर्थव्हिल अशी ठिकाणे एकापाठोपाठ एक येतात. यातल्या बहुतेकांत पूर्वी गव्हाच्या पाणचक्क्या होत्या. फोर्डच्या लहानपणी शेतकरी बैलगाड्या-घोडागाड्या जोडून तिथे दळण न्यायचे. मोठ्या शहरांत मोठ्या पीठगिरण्या आल्या आणि या चक्क्या ओस पडल्या. पण बांध, तळे आणि पाट शाबूत होते. फोर्डने 1918 मध्ये नँकिनची चक्की विकत घेतली. 1920 मध्ये नॉर्थव्हिलच्या चक्कीत इंजिनाचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. तिथून 1944 पर्यंत डिअरबॉर्नच्या आजूबाजूला, साधारण 100 किलोमीटरच्या आत, असे वीसेक कारखाने झाले. त्यांना 'व्हिलेज इंडस्ट्रीज' म्हणत, आपल्या भाषेत ग्रामोद्योगच. ज्या माणसाने लाख माणसे एका छपराखाली आणली, त्याच माणसाने त्याच नदीवर वीस-पन्नास माणसांचे कारखानेही काढले. मला यात विसंगती दिसत नाही. मोठ्या कारखान्यात माणसाचे काय होते, हे त्याने इतरांच्या आधी पाहिले होते. उपाय म्हणून त्याला आपले लहानपणीचे गाव आठवले. 1941 मध्ये त्याने गांधीजींना पत्र लिहिले होते आणि गांधीजींनी त्याला सही केलेला चरखा पाठवला होता. हे मला कळले तेव्हा आश्चर्य वाटले नाही. दोघांचे रस्ते वेगळे होते, पण गावात हाताला काम हवे ही ओढ दोघांनाही होती.

आता आपल्या कामाचा भाग. गावात काय बनवायचे, हे फोर्डच्या लोकांनी कसे निवडले ते बघ. नॉर्थव्हिलला व्हॉल्व्ह. फीनिक्सला डायनॅमोचे कटआउट. प्लिमथला आटे पाडायचे टॅप, न्यूबर्गला भोके पाडायचे ड्रिल. वॉटरफर्डला मापाचे गेज. फ्लॅट रॉकला हेडलाइट. मिलफर्डला कार्ब्युरेटर, मँचेस्टरला डॅशबोर्डवरची मीटर, ब्रुकलिनला हॉर्नचे बटण, डंडीला वेल्डिंगची तांब्याची टोके. यात चेसिस नाही, मडगार्ड नाही, इंजिन ब्लॉकचे कास्टिंगही नाही. सगळे पार्ट मुठीत मावणारे, फार तर दोन हातांत धरता येतील असे. कच्चा माल रूजहून ट्रकने यायचा आणि तयार माल ट्रकने परत जायचा. एका ट्रकमध्ये हजारो व्हॉल्व्ह बसतात, मडगार्ड मात्र शंभर भरले तरी ट्रकभर हवाच वाहून न्यावी लागते. भाडे वजनावर आणि जागेवर पडते आणि कमाई कारागिरीवर होते. म्हणून गावात तोच पार्ट न्यावा ज्यात धातू थोडा आणि हात जास्त. आपल्याकडे गावात युनिट टाकणारा माणूस पहिला विचार करतो तो प्रेस मशीनचा आणि पत्र्याचा. हीच चूक मी केली, ती पुढे सांगतो.

फीनिक्सच्या कटआउटवर जरा थांबतो, कारण तो मला फार आवडतो. जुन्या गाडीत डायनॅमो बॅटरी भरत असे. इंजिन मंद झाले की डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा खाली येतो आणि बॅटरी उलट डायनॅमोतच रिकामी होऊ लागते. ते होऊ नये म्हणून मधे एक छोटा आपोआप चालणारा स्विच असतो, तो कटआउट. बारीक तारेची वेटोळी, एक पाते, दोन कॉन्टॅक्ट. पाते कोणत्या व्होल्टेजला चिकटेल आणि कोणत्या प्रवाहाला सुटेल, हे हाताने जुळवावे लागते. फीनिक्समध्ये हे काम जवळजवळ सगळे बायकांच्या हाती होते. 1922 साली! त्या काळी मोटारीच्या कारखान्यात बाई मशीनवर बसलेली दिसणे दुर्मीळ होते. फोर्डचे नियम आजच्या डोळ्यांनी पाहिले तर खटकतात, लग्न झालेल्या बाईला सहसा घेत नसत. तरी आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना आणि विधवांना मोटार कंपनीचा पगार गावात बसून मिळाला, हे लहान काम नव्हते.

आणि वॉटरफर्डचे गेज. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसासाठी ते ठिकाण देवळासारखे आहे. स्वीडनचा कार्ल योहान्सन, ज्याने स्लिप गेजचा, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांचा, संच जगाला दिला, त्याला 1923 मध्ये फोर्डने आपल्याकडे आणले. दोन गुळगुळीत ठोकळे एकमेकांवर सरकवले की ते चिकटून बसतात आणि त्यांच्या बेरजेने हवे ते माप बनते. आजही पीथमपूरच्या कुठल्याही चांगल्या टूलरूममध्ये हा संच मखमली पेटीत ठेवलेला असतो आणि घामेजल्या हाताने त्याला कोणी शिवत नाही. मोटार उद्योगातले सर्वांत नाजूक माप तयार करण्याचे काम त्या माणसाने आडगावातल्या छोट्या कारखान्याला दिले. गावातल्या माणसाला फक्त धोपट काम जमते असे तुला कोणी म्हणाले, तर हे उदाहरण दे.

वीज नदीचीच होती. हिशेब सोपा आहे, तू इंजिनिअर आहेस, ताडून बघ. दर सेकंदाला 2 घनमीटर पाणी 3 मीटर खाली पडले तर कागदावर जवळपास 59 किलोवॉट निघतात. टर्बाइन आणि जनित्राचे नुकसान वजा केले की हातात 45 किलोवॉट येतात. तेवढ्यावर लेथ, ड्रिल, छोटी ग्राइंडिंग आणि दिवे असे लहान कारखान्याचे भागते. पण नदी बारमाही असली तरी उन्हाळ्यात पाणी उतरते, आणि पुढे काम वाढल्यावर बऱ्याच ठिकाणी बाहेरची वीज घ्यावीच लागली. आपल्या माळव्यात तर हा विचारच नको. चंबळ जानापावला उगम पावते तेव्हा ती एक ओढा असते आणि गंभीरचे पात्र वैशाखात कोरडे पडते. तुझी वीज खांबावरूनच येणार. तिच्यावर नंतर बोलू.

यानंतरचा भाग तुझ्या बाबांना वाचून दाखव, त्यांच्या शेतात सोयाबीनच असणार. फोर्डला सोयाबीनचे वेडच लागले होते. त्याच्या रसायनशास्त्रज्ञांनी सोयाबीनच्या तेलापासून गाडीचा रंग आणि पेंडीपासून प्लास्टिकसारखे पार्ट, हॉर्नचे बटण, गिअरची मूठ, असे काय काय बनवले. 1930 च्या दशकाच्या मध्याला प्रत्येक फोर्ड गाडीत एक बुशेल, म्हणजे सुमारे 27 किलो, सोयाबीन खपत असे म्हणतात. टेकमसेला बी साफ व्हायचे, सलीनच्या जुन्या चक्कीत 1938 पासून तेल निघायचे. शेतात पीक, गावात तेल, त्याच गाडीत रंग. इंदूरला खंडवा रोडवर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था 1987 पासून आहे, आजूबाजूला देशातले सोयाबीनचे मोठे क्षेत्र आहे, तिकडे तासाभरावर पीथमपूरचे वाहन कारखाने आहेत. ही दोन जगे आपल्याकडे शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. हे माझ्या मनाला लागते. पण तुझा पहिला कारखाना त्यावर उभा करू नकोस, तो प्रयोगशाळेचा आणि भांडवलाचा विषय आहे.

मग बंद का पडले?

पहिली गोष्ट लक्षात घे. ते कारखाने पुरवठादार नव्हतेच. जमीन, मशीन, पार्ट धरून ठेवणारी जिग-फिक्श्चर, कच्चा माल, पगार, ड्रॉइंग, तपासणी, सगळे एका कंपनीचे. नॉर्थव्हिलचा फोरमन बिल फाडत नव्हता, पेमेंटची वाट पाहत नव्हता आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे कोटेशन घेऊन जात नव्हता. तो मोठ्या कारखान्याचा एक विभाग होता, फक्त नदीकाठी नेऊन ठेवलेला. त्यामुळे संकटात मालक पाठीशी होता. पण मालकाचे मन फिरले की त्या कारखान्याला स्वतःचे असे काहीच नव्हते. विकायला माल नव्हता, नाव नव्हते, गिऱ्हाईक नव्हते.

दुसरे म्हणजे, शेत आणि कारखाना दोन्ही सांभाळणारा कामगार हे फोर्डचे स्वप्न होते. शेतीच्या हंगामात रजा मिळावी, एक पाय जमिनीत आणि एक कारखान्यात असावा, असे तो सांगे. प्रत्यक्षात पगार चांगला असल्यावर बहुतेकांनी शेती बाजूला ठेवली आणि कारखान्याच्याच पगारावर घर चालवले. त्यांना मी दोष देत नाही. दिवसभर व्हॉल्व्ह घासून आलेला माणूस संध्याकाळी नांगर धरत नाही.

तिसरी गोष्ट युनियनची. पसरलेले छोटे कारखाने असले की कामगार एकत्र येत नाहीत, असा हिशेबही या योजनेमागे होता, असे त्या काळीही बोलले जाई. 26 मे 1937 ला रूजच्या पुलावर कंपनीच्या माणसांनी युनियनच्या कार्यकर्त्यांना मारहाण केली, त्याची छायाचित्रे देशभर गेली. 1941 मध्ये कंपनीला करार करावा लागला आणि तो खेड्यांतल्या कारखान्यांनाही लागू झाला. गावातला माणूस गप्प बसेल या भरवशावर कोणीही कारखाना काढू नये. तूही नाही.

दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यांना भरपूर काम मिळाले, बॉम्बर विमानांचे भागही त्यांनी केले. 1945 मध्ये नातू, दुसरा हेन्री फोर्ड, अध्यक्ष झाला. कंपनी महिन्याला सुमारे 1 कोटी डॉलर गमावत होती. त्याने बाहेरून हिशेब जाणणारी माणसे आणली आणि त्यांनी प्रत्येक विभागाचा खर्च वेगळा मांडायला लावला. तोपर्यंत म्हाताऱ्या फोर्डच्या शब्दावर चाललेल्या या गिरण्या त्या कागदावर टिकल्या नाहीत. 7 एप्रिल 1947 ला म्हातारा फोर्ड गेला आणि पुढच्या काही वर्षांत एकामागून एक दारे बंद झाली. नँकिनच्या चक्कीत आज काउंटीचे माहिती केंद्र आहे, तिथे शाळेची मुले सहलीला येतात.

पण सगळ्या एकदम गेल्या नाहीत, आणि मला त्यातच सर्वांत जास्त शिकायला मिळाले. नॉर्थव्हिल 1980 च्या दशकापर्यंत व्हॉल्व्ह बनवत होते. इप्सिलँटीचा स्टार्टर-जनरेटरचा कारखानाही कितीतरी दशके चालला. इप्सिलँटी टिकला कारण तो मोठा होता. नॉर्थव्हिल मोठे नव्हते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला लालभडक तापून मिनिटाला हजारदा उघड-मीट करावी लागते. त्याच्या दांड्याचे माप, सीटचा कोन, धातूची जात, यात वीस वर्षे हात बसलेली माणसे त्या गावात होती. ती दुसरीकडे उचलून नेता येत नाहीत. हॉर्नचे बटण कोणीही, कुठेही बनवू शकतो. व्हॉल्व्ह तसा नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण तुला आधीच माहीत असेल. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि नांगर बनवले. तोही गावातला कारखाना, पण माल स्वतःचा आणि गिऱ्हाईक हजारो शेतकरी. एक गिऱ्हाईक नाराज झाले तर दुसरे होते. फोर्डच्या गिरण्यांना गिऱ्हाईक एकच होते, आणि तेच मालकही होते. पीथमपूरचा व्हेंडर, म्हणजे कंपनीला पार्ट पुरवणारा, या दोघांच्या मधे उभा असतो. त्याची शेड स्वतःची आणि कर्जही स्वतःचे, पण बहुतेक वेळा पार्ट मात्र एकाच कंपनीचा. फोर्डच्या फोरमनपेक्षा त्याला धोका जास्त आणि आधार कमी.

पीथमपूर धार जिल्ह्यात आहे आणि 1980 च्या दशकात मागास भागाच्या सवलतींवर उभे राहिले. आयशरने 1986 मध्ये मित्सुबिशीबरोबर तिथे हलके ट्रक काढायला सुरुवात केली, बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडाही त्याच दशकात तिथे आले. आज तिथे नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची 11.3 किलोमीटरची वेगवान चाचणीपट्टी आहे. सुरुवातीच्या त्या वर्षांत रोज सकाळी इंदूरहून बसेस भरून लोक जायचे, अजूनही जातात. सागौर, बेटमा, घाटाबिल्लोदच्या आसपासच्या गावांतली मुले गेटवर ठेकेदाराकडे हजेरी लावायची. कारखाना गावाजवळ आला, पण गावात आला नाही.

म्हणूनच 1996 मध्ये मी देपालपूर रस्त्यावर एका गावात युनिट टाकले. माझा विचार तुझ्यासारखाच होता. दोन कामे घेतली, पत्र्याचे छोटे ब्रॅकेट आणि वायरिंगच्या टर्मिनलचे क्रिम्पिंग. क्रिम्पिंग म्हणजे तारेच्या टोकाला पितळी टर्मिनल दाबून बसवणे. दाब कमी पडला तर तार सुटते, जास्त झाला तर तारेचे पदर तुटतात. क्रिम्पची उंची मायक्रोमीटरने शंभराव्या मिलिमीटरपर्यंत मोजायची, आणि दर तासाला एक नमुना ओढून तोडून पाहायचा. हे काम गावातल्या आठ मुलींनी इतके सुरेख केले की दोन वर्षांत त्यांचे रिजेक्शन माझ्या पीथमपूरच्या शेडपेक्षा कमी झाले. त्यांच्यातल्या एकीने टर्मिनलच्या पट्टीवर शेतातल्या दोऱ्याने खूण बांधायची पद्धत काढली, म्हणजे रीळ संपत आले हे आधीच कळायचे. ती पद्धत मी पीथमपूरलाही लावली.

ब्रॅकेटने मात्र मला रडवले. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला आणि तेल लावलेला 11 हजार ब्रॅकेटचा लॉट चार दिवस ओलसर शेडमध्ये पडून राहिला. पोचला तेव्हा गंज चढलेला. कंपनीची लाइन दीड तास थांबली आणि माझ्या नावावर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वजावट, आली, त्या लॉटच्या किमतीच्या तिपटीहून जास्त. काळ्या मातीत पाया पुरता खोल घेतला नव्हता. उन्हाळ्यात भेगा पडल्या, पावसात माती फुगली, प्रेसची पातळी हलली आणि वरचा पंच खालच्या डायच्या कडेला घासू लागला. विजेचे तर विचारू नकोस. थ्री-फेज शेतीच्या वेळापत्रकाने यायची, रात्री दोनला आली तर दोनला प्रेस. डिझेलचा खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये बसत नव्हता.

आणि ज्याची मी कल्पनाच केली नव्हती, ती गोष्ट काढणीची. सोयाबीन पिवळे पडते सप्टेंबरच्या शेवटी, आणि दसरा-दिवाळीला गाड्या सर्वांत जास्त विकल्या जातात, म्हणून कंपनीचे शेड्यूल नेमके तेव्हाच दीडपट होते. शेतात शेंगा फुटायच्या आत काढणी झाली पाहिजे आणि लाइनवर पार्ट पोचले पाहिजेत, दोन्ही त्याच पंधरा दिवसांत. पहिल्या वर्षी मी रागावलो. दुसऱ्या वर्षापासून ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांचा साठा करून ठेवू लागलो. त्यातही पैसा अडकायचा. 2001 मध्ये ज्या मॉडेलचे हार्नेस, म्हणजे वायरिंगचे जुडगे, आम्ही करत होतो ते मॉडेल कंपनीने थांबवले आणि तीन महिन्यांत युनिट बंद करावे लागले. त्या आठही मुलींच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितले. दोघी पुढे पीथमपूरला माझ्याकडे आल्या, बाकीच्यांना घरून परवानगी मिळाली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. करावे का? हो, पण पार्ट आधी ठरव, शेड नंतर. क्रिम्पिंग, छोटे वायर असेंब्ली, सेन्सरचे जोडकाम, बारीक स्प्रिंग, गेज आणि फिक्श्चरची दुरुस्ती असे हलके, हाताचे काम घे. पत्रा, कास्टिंग, वजनदार वेल्डिंग नको. विजेच्या गाडीत व्हॉल्व्ह नाही, कार्ब्युरेटर नाही, पण तारा आणि जोड आहेतच, उलट जाड तारांचे अवघड जोड वाढले आहेत. मी आज सुरुवात केली असती तर त्याच कामावर वीस वर्षांची पकड बसवायला निघालो असतो.

पहिली दोन वर्षे जॉबवर्क कर, माल कंपनीचा आणि मजुरी तुझी. मालाच्या ये-जा करणाऱ्या चलनांची नोंद चोख ठेव. जॉबवर्कला आलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत गेला नाही तर जीएसटीची अडचण उभी राहते. लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी पहिल्याच दिवशी कर. 2006 च्या कायद्याप्रमाणे मोठ्या गिऱ्हाइकाने सूक्ष्म-लघु उद्योगाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. करारात ती ओळ लिहून घे, तोंडी विश्वासावर राहू नकोस. आयएटीएफ 16949 चा, म्हणजे वाहन उद्योगातल्या गुणवत्तेचा, कागद पहिल्या वर्षी लागणार नाही, पण नोंदी त्याच शिस्तीने लिहायची सवय मुला-मुलींना पहिल्या दिवसापासून लाव, नंतर ती लागत नाही.

एका गिऱ्हाइकाचे काम निम्म्यावर गेले की दुसरे शोधायला बाहेर पड, भले त्यात भाव कमी मिळो. दुसरे गिऱ्हाईक गाडीच्या बाहेरचे असेल तर आणखी चांगले. पंप, पंखे, शेतीच्या फवारणी यंत्रांच्या वायरिंगचे काम देवासपासून सांवेर रोडपर्यंत मिळते. त्याचा हंगाम वेगळा असतो, त्यामुळे काढणीच्या पंधरवड्यातला ताणही हलका होतो. बाबा आणि सरपंच यांना आत्ताच सांग की काढणीत सुट्टी द्यायची आणि त्याआधीचा साठा करायचा, हा कारखान्याचा नियम आहे, मेहेरबानी नाही.

जमिनीचे डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती वापराची नोंद, करून घे, पण बारापैकी एकाच एकराचे. बाकीच्या अकरावर पीक राहू दे. पहिल्या वर्षाचे पैसे त्यातूनच येतील.

आता काय करायचे ते सांगतो. गावातल्या आयटीआयच्या मुला-मुलींची यादी कर आणि कोणाची नजर आणि हात स्थिर आहेत ते बघ. माझ्याकडे क्रिम्पिंगचे एक जुने हातमशीन पडून आहे, ते महिनाभर घेऊन जा आणि त्यांच्याकडून रोज शंभर नमुने काढून घे. मायक्रोमीटरही देतो, स्लिप गेजचा संच मात्र माझ्या शेडमध्येच येऊन वापर. आणि जागा पाहायला मला पावसाळा संपायच्या आत बोलाव. शेतात सोयाबीन उभे असताना पाणी कुठे साचते आणि मुरूम किती खाली लागतो, हे तेव्हाच दिसते.